घरातले बायबल उघडू या



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघाले आहेत. प्रभू क्रुसावर गेला, आता आशा संपली, असे त्यांना वाटते. पुनरुत्थित प्रभू त्यांच्याबरोबर चालतो, तरी ते त्याला ओळखत नाहीत. प्रभू आधी काय करतो? मोशेपासून आरंभ करून शास्त्र उलगडून सांगतो. भाकर मोडतो ती नंतर, मुक्कामाच्या घरी.

आपल्या मिस्साबलिदानाचा क्रमही हाच आहे. आधी देवशब्द, मग ख्रिस्तशरीर. ख्रिस्तशरीर स्वीकारायला आपण भक्तिभावाने रांगेत उभे राहतो. पण पहिले वाचन संपल्यावर चर्चमध्ये पोचलो, तरी काही हुकले असे वाटत नाही. घरचे बायबल तर कपाटात कापडात गुंडाळलेले असते.

बायबल वाचणे हे प्रॉटेस्टंट लोकांचे काम, असे काहींना वाटते. आपल्या भागात अलायन्स चर्चचे बांधव हातात बायबल घेऊन उपासनेला जातात, म्हणून हा समज पक्का झाला असेल. पण येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील कॅथलिकांसाठी बायबलची कथा दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत सांगितली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी सर्व श्रद्धावंतांना शास्त्र वारंवार वाचण्याचा आग्रह केला. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत दिले. तेव्हा हा वारसा आपलाच आहे.

शेगावच्या या जिल्ह्यात शेजारच्या घरी ‘गजानन विजय’ ग्रंथाचे २१ अध्यायांचे पारायण किती निष्ठेने चालते, हे आपण पाहतो. संत मार्कच्या शुभवर्तमानाचे अध्याय १६ आहेत. रोज एक वाचला, तर १६ दिवसांत ते पूर्ण होते.

घरात बायबल सोसायटीची प्रत असली तरी चालेल. तिच्या नेहमीच्या आवृत्तीत जुन्या कराराची ३९ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलमध्ये ४६. नव्या कराराची २७ पुस्तके मात्र दोन्हींत तीच आहेत. सायंप्रार्थनेनंतर एकाने मोठ्याने वाचावे, म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीलाही ऐकता येईल. मग दोनच प्रश्न विचारा: प्रभूने इथे काय केले? आज तो आपल्या घराला काय सांगतो? जे समजले नाही ते वहीत लिहा आणि रविवारी मिस्सेनंतर धर्मगुरूंना विचारा.

बंधू-भगिनींनो, काढणीला आलेले सोयाबीन पावसात भिजते, कापसाला भाव मिळत नाही, घरात आजारपण येते. अशा वेळी आपणही त्या दोन शिष्यांसारखे मान खाली घालून चालू लागतो. त्या रात्री चर्च बंद असते, फादर दुसऱ्या गावी गेलेले असतात. तेव्हा पूर्वी वाचलेले वचनच मनात उभे राहते आणि धीर देते. जे कधी वाचलेच नाही, ते आठवणार कसे?

म्हणून आज रात्रीच मार्कचा पहिला अध्याय उघडू या. वाटेत शिष्यांना गाठणारा प्रभू आपल्याही घरी मुक्कामाला येवो.

आमेन.