गल्ल्यावरचा नीतिरक्षक

एखादे वाईट काम थांबले म्हणजे ते कोणी थांबवले आणि कोणत्या अधिकाराने थांबवले, हे विचारण्याची गरज आपल्याला सहसा वाटत नाही. गावातला दारूचा गुत्ता बंद पडला तर घरोघरच्या आयाबहिणी सुटकेचा निःश्वास टाकतात. तो पोलिसांनी बंद केला, ग्रामपंचायतीच्या ठरावाने बंद झाला, की शेजारच्या जमीनमालकाने वाट अडवल्यामुळे बंद पडला, याची चौकशी करीत कोण बसतो? व्यवहारात हे ठीक आहे. परंतु नीतीचा विचार करू पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आज गुत्त्याची वाट अडवणारा जमीनमालक उद्या शाळेचीही वाट अडवू शकतो.

२०२५ सालच्या जुलै महिन्यात संगणकावरील खेळांच्या जगात असाच एक प्रसंग घडला. स्टीम हे असे खेळ विकणारे जगातील सर्वांत मोठे दुकान. व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी ते चालवते. इच डॉट आयओ हे त्या मानाने लहान दुकान. तेथे होतकरू आणि स्वतंत्रपणे काम करणारे कलावंत आपापल्या कृती विक्रीला ठेवतात. या दुकानांत प्रौढांसाठी म्हणून जे खेळ विकले जात, त्यांतील काहींचे स्वरूप सांगतानाही लेखणी अडखळते. स्त्रीवर बलात्कार करणे, रक्ताच्या नात्यात शरीरसंबंध ठेवणे, हाच त्या खेळांतील डाव आणि हीच त्यांतील करमणूक. अशा एका खेळावर ओरड होऊन तो एप्रिलमध्ये स्टीमवरून काढून घेतला गेला होता. त्यानंतर ‘कलेक्टिव्ह शाउट’ या ऑस्ट्रेलियातील चळवळीच्या संस्थेने जुलैमध्ये एक खुले पत्र प्रसिद्ध केले. हे पत्र दुकानदारांना उद्देशून नव्हते, सरकारलाही नव्हते. ते होते पैशांची देवघेव करणाऱ्या कंपन्यांच्या प्रमुखांना. तुमच्या मार्गाने या मालाचा पैसा वाहतो, तो थांबवा, एवढीच त्यात मागणी होती.

परिणाम झपाट्याने झाला. स्टीमने आपल्या नियमावलीत एक नवे कलम घातले: पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्या, कार्डांची जाळी आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा मजकूर येथे चालणार नाही. पाठोपाठ अनेक खेळ दुकानातून नाहीसे झाले. इच डॉट आयओने तर २४ जुलैच्या सुमारास प्रौढांसाठीचा सगळाच मजकूर शोधयादीतून काढून टाकला. त्यात बीभत्स होते ते गेले, आणि ज्यांचा बीभत्साशी काही संबंध नव्हता तेही गेले.

येथे थोडे थांबून पैसा कसा वाहतो ते पाहिले पाहिजे. ग्राहक कार्डाचा क्रमांक टाकतो, तेव्हा दुकान आणि ग्राहक यांच्यामध्ये निदान तीन जण उभे असतात. एक, दुकानासाठी पैसे गोळा करून देणारी मध्यस्थ कंपनी, उदाहरणार्थ स्ट्राइप किंवा पेपाल. दुसरी, दुकानाच्या वतीने रक्कम स्वीकारणारी बँक. आणि या साऱ्यांच्या वर व्हिसा व मास्टरकार्ड ही दोन प्रचंड जाळी. वरच्याने नियम करायचा, बँकेने दंडाच्या भीतीने त्याचा अर्थ थोडा अधिक कडक लावायचा, मध्यस्थाने त्याहून कडक, आणि दुकानदाराने सर्वांत कडक, असा हा उतरता क्रम आहे. भीती प्रत्येक पायरीवर वाढत जाते; जबाबदारी मात्र प्रत्येक पायरीवर पातळ होते.

याचा पुरावा त्याच उन्हाळ्यात मिळाला. १ ऑगस्ट रोजी मास्टरकार्डने जाहीर केले की आपण कोणत्याही खेळाचे परीक्षण केलेले नाही, कोणावर निर्बंध घालण्यास सांगितलेले नाही आणि कायदेशीर असलेली कोणतीही खरेदी आपल्या जाळ्यावर चालते. त्यावर व्हॉल्व्हचे म्हणणे असे, की मास्टरकार्डने आमच्याशी थेट बोलणेच केले नाही. मध्यस्थांनी मात्र आमच्यापुढे मास्टरकार्डच्याच नियमाचे कलम ठेवले. म्हणजे निर्णय तर झाला, पण तो घेणारा कोणी सापडत नाही. पिलाताने निदान लोकांसमक्ष पाणी मागवून हात धुतले होते. येथे हात कोणाचे होते तेच कळेना.

ते कलमही वाचण्याजोगे आहे. जो व्यवहार बेकायदेशीर आहे, अथवा जो कंपनीच्या स्वतःच्या मते तिच्या नावलौकिकाला बाधा आणील, तो करू नये, असा त्याचा आशय. उघडउघड किळसवाणे व गंभीर कलामूल्य नसलेले काय, याची काही उदाहरणेही त्यात आहेत आणि त्या उदाहरणांशी आपल्यापैकी कोणाचे भांडण असेल असे मला वाटत नाही. परंतु त्या कलमाचा पाया पाहावा. एखादी गोष्ट मनुष्याचा अपमान करते म्हणून ती नको, असे ते म्हणत नाही. आमच्या नावाला डाग लागेल म्हणून ती नको, असे ते म्हणते. नावाची काळजी ही व्यापाऱ्याची रास्त काळजी आहे; फक्त तिला नीती म्हणता येत नाही. ज्या दिवशी अनीतीमुळे नाव खराब होत नसेल त्या दिवशी हा पहारेकरी जागेवर नसणार, आणि ज्या दिवशी सत्य बोलण्याने नाव खराब होत असेल त्या दिवशी तो सत्याच्याच आड येणार.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. २०१० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन सरकारचे गुप्त कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्सला मिळणाऱ्या देणग्या याच कंपन्यांनी अडवल्या. कोणत्याही न्यायालयाने त्या संस्थेला तोवर दोषी ठरवले नव्हते. तेथे अश्लीलतेचा प्रश्नच नव्हता. पुढे २०१३ मध्ये आइसलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील कार्डकंपनीला ती वाट पुन्हा उघडण्यास भाग पाडले. विकिलीक्सविषयी कोणाचे काहीही मत असो, ज्या हाताने एक दार बंद झाले त्याच हाताने दुसरेही झाले, एवढे येथे ध्यानात घ्यावे.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पॉर्नहब या स्थळाविषयी एक लेख छापला. ज्यांच्यावर अत्याचार झाला अशा अल्पवयीन मुलींची चित्रणे तेथे होती आणि ती काढून टाकावीत म्हणून त्या मुली दाद मागत फिरत होत्या. आठवडाभरात व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी आपली वाट बंद केली. तेव्हा कुठे त्या स्थळाने ओळख न पटलेल्या लोकांनी चढवलेली सारी चित्रणे उतरवली. १ कोटी ३० लाखांच्या आसपास असलेली संख्या ४० लाखांच्या घरात आली. पुढच्या वर्षी मास्टरकार्डने नियमच केला की चित्रणात दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे वय, ओळख आणि संमती यांची नोंद ठेवली गेली पाहिजे. जे कायद्याला जमले नाही ते गल्ल्याने करून दाखवले. त्या मुलींच्या आईबापांपुढे उभे राहून ‘पण अधिकार कोणाचा?’ असे विचारण्याचे धैर्य मला तरी होणार नाही.

मग एका ठिकाणी समाधान आणि दुसऱ्या ठिकाणी शंका, ही दुटप्पी भूमिका तर नव्हे? मला तसे वाटत नाही. येथे आपल्या परंपरेतील एक जुना भेद उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या पापातील सहभागाचा विचार करताना संत आल्फोन्सस लिगोरी यांच्यासारख्या नीतिशास्त्रज्ञांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पाप करणाऱ्याच्या हेतूतच जो सामील होतो त्याचा सहभाग वेगळा. आणि ज्याचे काम स्वतःमध्ये निर्दोष आहे, पण ज्याचा उपयोग दुसरा पापासाठी करून घेतो, त्याचा वेगळा. खाडीवरचा नावाडी तर चालवतो. पैलतीरी कोण कशासाठी चालला आहे हे विचारणे त्याचे काम नव्हे. मात्र नावेत एखादे मूल बांधून आणलेले दिसत असेल, तर ‘मी फक्त वल्हे मारतो’ असे त्याला म्हणता येणार नाही. पॉर्नहबच्या बाबतीत नावेत खरे मूल होते. पैसा घेऊन त्याला पैलतीरी पोहोचवणारा त्या गुन्ह्याचा भागीदारच होता, आणि त्याने हात काढून घेतले ते उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून.

खेळातील पात्र हे मात्र मनुष्य नव्हे. त्याला दुखत नाही. दुखापत होते ती खेळणाऱ्याच्या मनाला, आणि त्याच्या सहवासात राहणाऱ्या माणसांना कदाचित त्या मनाकडून. ही हानी खरी आहे असे मी मानतो. ज्या तरुणाने स्त्रीची विटंबना हा डाव म्हणून शंभरदा खेळला, त्याची नजर तशीच स्वच्छ राहते असे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. पण ही हानी मोजण्यासाठी कृती पाहावी लागते, तिचा रोख समजून घ्यावा लागतो. नावाड्याजवळ त्याला वेळही नाही आणि दृष्टीही नाही. तो फार तर गाठोड्यावरची चिठ्ठी वाचणार. चिठ्ठीवरचे शब्द पाहूनच निवाडा करायचा, तर जुन्या करारातील लोट आणि त्याच्या मुली यांची कथा कोणत्या खात्यात पडेल? शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तेराव्या अध्यायात अम्नोन आपल्या बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो. फाटलेला झगा आणि डोक्यावर राख घेऊन आक्रोश करीत ती निघून जाते. जे दोन विषय निषिद्ध म्हणून सांगितले जातात ते दोन्ही या एका कथेत आहेत. ती वाचून कोणाची वासना चाळवत नाही, मन विदीर्ण होते. हा फरक वाचणाऱ्यालाच कळतो.

२०१२ मध्ये हेच पुस्तकांच्या बाबतीत घडले होते. स्मॅशवर्ड्स या पुस्तकविक्रेत्याला पेपालने ठरावीक विषयांच्या कादंबऱ्या काढून टाका, नाहीतर आमची सेवा बंद, असे कळवले. लेखकांनी गलका केला तेव्हा काही आठवड्यांत पेपालने माघार घेऊन सरसकट विषयांऐवजी एकेका पुस्तकाचा विचार करण्याचे मान्य केले. कादंबऱ्या बऱ्याचशा टाकाऊ असतील. ते मी नाकारत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये विचारले आहे, मनुष्याच्या कायद्याने सर्वच दुर्गुणांना बंदी करावी काय? त्यांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कायदा बहुजनांसाठी असतो आणि बहुजन सद्गुणात परिपूर्ण नसतात; म्हणून जे दोष अधिक भयंकर, विशेषतः ज्यांनी इतरांना इजा होते व ज्यांना आवरल्यावाचून समाज टिकणार नाही, तेवढे कायद्याने रोखावेत. ही सूट पापाला नव्हे, कायद्याच्या मर्यादेला आहे. उरलेले काम आईबापांचे, गुरुजनांचे, उपदेशपीठाचे आणि ज्याच्या त्याच्या विवेकबुद्धीचे. आपण ते काम हळूहळू दुसऱ्यांवर सोपवीत चाललो आहोत आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाने ते उचलले म्हणून हायसे वाटून घेतो आहोत, अशी मला भीती वाटते.

कोणी म्हणेल, ख्रिस्तसभेने निषिद्ध पुस्तकांची यादी चारशे वर्षे चालवली, तिच्या लेकरांनी हे बोलावे काय? आक्षेप योग्य आहे. पोप चौथे पॉल यांच्या काळात, १५५९ मध्ये, रोमची पहिली यादी निघाली आणि १९६६ मध्ये तिचा अंमल संपला. तिने अनेक थोर ग्रंथांवर अन्याय केला. पण त्या यादीविषयी दोन गोष्टी निःशंकपणे सांगता येतात. ती छापलेली होती. आपले पुस्तक तिच्यात आहे की नाही हे कोणालाही पाहता येई. आणि १७५३ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी असा दंडक घातला की जाणकारांनी पुस्तक समग्र वाचावे, सुटी वाक्ये उचलून निवाडा करू नये, आणि नावाजलेल्या कॅथोलिक लेखकाला त्याची बाजू मांडू द्यावी. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी रोमच्या दरबाराला जे सुचले, तेवढेही आजच्या कार्डकंपन्यांना सुचू नये याचे नवल वाटते.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथा अश्लील ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले होते. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कथा तपासली आणि त्यांना निर्दोष सोडले. तो निकाल आजही कोणालाही वाचता येतो, पटला नाही तर तसे म्हणता येते. न्यायाधीशांची नावे त्याखाली आहेत. इच डॉट आयओवर ज्याची कृती एका रात्रीत यादीतून गेली, त्या लेखकाने कोणाचे नाव घ्यावे आणि कोणाकडे जावे?

दुकानदाराला नको तो माल नाकारण्याचा हक्क असतो, हे खरे. आपल्या गावातल्या एखाद्या वाण्याने सिगारेट ठेवायची नाही असे ठरवले तर आपण त्याचे कौतुकच करू. परंतु तो एक वाणी असतो, आणि पुढच्या गल्लीत दुसरा असतो. भारताबाहेरच्या बहुतेक जगात कार्डाने पैसे पाठवण्याची वाट मुख्यतः दोघांच्याच हाती आहे. ज्याच्याखेरीज गावाबाहेर पडता येत नाही तो रस्ता खासगी म्हणायचा की सार्वजनिक, हा प्रश्न आता अमेरिकेतही विचारला जाऊ लागला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी बँकांनी कायदेशीर व्यवसायांना मत वा श्रद्धा पाहून सेवा नाकारू नये, असा आदेश काढला. त्यामागे राजकारण आहेच. तक्रार करणाऱ्यांत त्या वेळी धार्मिक संस्थाही होत्या. आज जे खेळ गेले त्यांच्याबद्दल डोळ्यांत पाणी आणायचे कारण नाही, पण ‘किळसवाणे’ हा शब्द उद्या कोणाला लावला जाईल याची खात्री धर्मग्रामातील पत्रिकेलाही देता येणार नाही.

इच डॉट आयओची पुढची हकीकत एवढीच, की जुलै संपता संपता प्रौढांसाठीच्या ज्या कृती विनामूल्य होत्या, त्या त्याने शोधयादीत परत आणल्या. मजकूर जुनाच होता. त्यात पैसा वाहत नव्हता, म्हणून त्याला आता कोणाची हरकत नव्हती. ज्यांच्यासाठी पैसे द्यावे लागत, त्या मात्र दुकानदाराला नवा मध्यस्थ मिळेपर्यंत अडून राहिल्या.