कीर्दीतील उलट नोंद

माझे आजोबा एका आडत दुकानात दिवाणजी होते आणि त्यांच्या कीर्दीत खाडाखोड म्हणून कधी आढळत नसे. रक्कम चुकली तर ती खरवडून काढण्याऐवजी, चूक ज्या दिवशी ध्यानात येई त्या दिवसाच्या पानावर ते तितक्याच रकमेची उलट नोंद घालीत आणि तिच्यापुढे मूळ नोंदीची तारीख लिहीत. लहानपणी मला हा द्राविडी प्राणायाम वाटे. पुढे आयुष्यातील नऊ वर्षे मद्यात घालवून जेव्हा मी एका लहानशा व्यसनमुक्ती केंद्राच्या खाटेवर येऊन पडलो, आणि मनुष्याचे गतकर्म पुसले जाते काय, हा प्रश्न केवळ वादाचा न राहता माझ्या झोपेचा प्रश्न झाला, तेव्हा आजोबांची ती लाल बासनातली चोपडी मला पुन्हा दिसू लागली.

या प्रश्नाला आपल्या परंपरेत दोन उत्तरे आहेत. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाला सर्व कर्मे भस्म करणाऱ्या अग्नीची उपमा दिलेली आहे. उलट वेदान्ती आचार्य म्हणतात की, संचित जळाले तरी प्रारब्ध उरतेच, कारण धनुष्यातून सुटलेला बाण धनुर्धराला पश्चात्ताप झाला म्हणून वाटेत थांबत नाही. व्यसनातून उठलेल्या मनुष्याला पहिले उत्तर हवेसे वाटते. परंतु सकाळी आरशासमोर उभे राहिले, आणि आईच्या ज्या पाटल्या आपण विकल्या त्यांच्यावाचून रिकामे राहिलेले तिचे मनगट चहाचा कप पुढे करताना दिसले, की दुसरेच खरे आहे हे कळते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. व्यसनी मनुष्य हा पापी नसून रुग्ण आहे ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविण्यात त्या संस्थेचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या दृष्टीने माझ्यासारख्या कित्येकांचे प्राण वाचले. तथापि, रुग्ण म्हटल्याने पाटल्या परत येत नाहीत. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा आरंभ झाला. त्या पंथाच्या बारा पायऱ्यांत मद्यापुढे आपण हतबल आहोत ही कबुली पहिली असली, तरी चौथी पायरी स्वतःच्या आचरणाचा निर्भीड झाडा घेण्याची आहे, आणि आठवी व नववी ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करून, त्यांना अधिक इजा होणार नसेल तेथे, भरपाई करण्याची आहे. आजोबांना ही भाषा तत्काळ उमगली असती.

केंद्रातून बाहेर पडल्यावर नोकरीच्या अर्जातील नऊ वर्षांचा रिकामा रकाना मला कोठेच भरता येईना. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ जीवघेणी असे. त्या वेळात भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर मी पायथन ही संगणकभाषा शिकू लागलो, आणि एका स्नेह्यांच्या वाचनालयातील जुने मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम, पैशाची अपेक्षा न ठेवता, अंगावर घेतले. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुरात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठविलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. म्हणजे एकेक वेलांटी उचलून तिच्या योग्य जागी ठेवावयाची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद बुजू द्यावयाचा नाही. हे काम मी सर्वांना खुले ठेवले. तेथे कोणी माझा दाखला मागितला नाही. काम पाहिले आणि काम दिले. हळूहळू दोन प्रकाशकांनी, मग एका संग्रहालयाने बोलावले. आज याच धंद्यावर माझे घर चालते.

या कामाच्या नोंदी गिटमध्ये राहतात. २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी बदलांच्या नोंदी ठेवणारी ही व्यवस्था निर्माण केली. तीत प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदीला, ४० अक्षरी ठसा मिळतो, आणि तो ठसा काढताना मजकूर व वेळ यांच्याबरोबर आधीच्या कमिटचा ठसाही हिशेबात धरलेला असतो. मागची एक नोंद बदलू जावे तर पुढच्या साऱ्या नोंदींची ओळख बदलते, आणि ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांना ते कळते. म्हणून चूक पुसण्याऐवजी ‘रिव्हर्ट’ करण्याचा शिरस्ता आहे: चुकीची कमिट जागच्या जागी राहते आणि तिचा परिणाम नाहीसा करणारी नवी कमिट वर येते. हे प्रथम वाचले तेव्हा मला आजोबांचे अक्षर दिसले. अधिक विचार करता असे जाणवले की, माझ्या शुद्धीतल्या आजच्या दिवसाची ओळखसुद्धा त्या नऊ वर्षांतून घडलेली आहे. ती वर्षे वगळली तर आजचा दिवस शुद्ध होत नाही, तो दुसऱ्याच कोणाचा तरी होतो. कर्म टिकून राहते यात मला पूर्वी केवळ शिक्षा दिसे. आता त्यात करुणाही दिसते.

मात्र कामच मनुष्याला तारते असे मी म्हणणार नाही. प्रकाशकांकडून येणारी नव्या पद्धतीची (.docx) प्रत्येक वर्ड फाइल आत झिप असते, आणि झिप फाइलची पहिली दोन अक्षरे ‘पीके’ ही तिचा कर्ता फिल कॅट्झ याच्या नावाची आद्याक्षरे होत. १९८९ साली ही पद्धत जगाला देणारा तो प्रतिभावंत २००० साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, मद्यपानाने जडलेल्या विकारांनी वारला. फाइल उघडताना ती दोन अक्षरे दिसली की माझा हात क्षणभर थांबतो.

माझाही पाय एकदा घसरला. त्या रात्री २ वाजून ४० मिनिटांनी, नशेत, मी प्रोग्रॅममधला वेलांटीचा नियमच काढून टाकला आणि एका अख्ख्या कादंबरीतील ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी माझीच रिव्हर्ट आहे. दोन्ही ओळी अजून तेथे आहेत.

गेल्या महिन्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगनंतर एक विशीतला मुलगा घरी आला. मागचे सगळे पुसता आले असते तर बरे झाले असते, असे तो वारंवार म्हणत होता, म्हणून मी त्याला त्या दोन ओळी दाखविल्या. त्याने त्या बराच वेळ वाचल्या आणि वेळेवर बोट ठेवून विचारले, “काका, यांच्यामध्ये सोळा तास गेलेत. तेवढ्या वेळात काय केलंत?”

“दुपारपर्यंत दार लावून पडून होतो,” मी म्हणालो. “चार वाजता माझ्या स्पॉन्सरना, मीटिंगमध्ये मला सांभाळणाऱ्या जुन्या सोबत्यांना, फोन केला. ते आले, आईनं दोघांना भात वाढला, आणि ते शेजारी बसलेले असताना मी ही ओळ लिहिली.”