ब्रुकलँड्सची संथ फेरी

बसा. पाठ टेकवून बसलात तरी चालेल. हात मांडीवर मोकळे सोडा, डोळे मिटा. आज जिथे जायचं आहे ती जागा वेगासाठी बांधली गेली, म्हणून तिथे पोचायला आपण मुद्दाम वेळ घेऊ.

लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात, वेब्रिज गावालगत ब्रुकलँड्स आहे. गाडीवेड्या मंडळींचा छोटा घोळका तुमच्याबरोबर आहे. कुणाला जुन्या ब्रिटिश गाड्यांची ओढ, कुणाला नुसत्या इंजिनांची, कुणी केवळ मैत्रीखातर आलेलं. आत्ता कुणाशी बोलू नका. त्यांची पावलं ऐकत ऐकत ट्रॅकच्या उरलेल्या तुकड्यापाशी या.

समोर काँक्रीटचा चढ उभा आहे. लांबून भिंत वाटते, पण तो रस्ता आहे. वळणावर भरधाव गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून त्याची बाहेरची कड जवळजवळ 30 फूट उचलून घेतली आहे. त्यावर तळहात टेकवा. पृष्ठभाग खडबडीत आहे, भेगांतून शेवाळ आणि गवत आलं आहे. हा ट्रॅक बांधला त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवर मोटारींना ताशी 20 मैलांची मर्यादा होती. गाडी नेमकी किती पळते हे पाहायला देशात जागाच नव्हती. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने सुमारे पावणेतीन मैलांचा हा ट्रॅक बांधायला काढला. मोटारींच्या शर्यतींसाठी खास बांधलेला हा जगातला पहिला ट्रॅक. खर्च वाढत गेला, ह्यू आजारी पडला, आणि त्याची पत्नी एथेल हिने सगळा कारभार हातात घेतला. 17 जून 1907 ला ट्रॅक खुला झाला तेव्हा मिरवणुकीतली सर्वांत पुढची गाडी एथेलच चालवत होती. हात तसाच राहू द्या. ही बाई मनात थोडी रेंगाळू द्या. शर्यतींच्या इतिहासात तिचं नाव घ्यायला माणसं विसरतात.

आता आत चला. शेडमध्ये पाऊल टाकताच वास येईल: पेट्रोल, ग्रीस, जुनं चामडं. नाव आठवण्याआधी तो वास आत घ्या.

समोर नेपियर-रेल्टन उभी आहे. रंग नाही, चकचकीत धातूचं लांब अंग. सोबतचे लोक आपोआप गप्प होतील. रीड रेल्टनने आखलेली ही गाडी 1933 साली इथेच, ब्रुकलँड्सच्या आवारातल्या कारखान्यात तयार झाली. तिच्या बॉनेटखाली विमानाचं इंजिन आहे. चार-चार सिलिंडरच्या तीन रांगा, एकूण जवळजवळ 24 लिटर. आता नजर खाली आणा, चाकांकडे. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना आहेत. 1935 च्या ऑक्टोबरमध्ये शर्यतपटू जॉन कॉबने तिला याच खडबडीत काँक्रीटवरून ताशी 143.44 मैलांनी, म्हणजे सुमारे 231 किलोमीटरच्या वेगाने पळवून फेरीचा विक्रम केला. चार वर्षांनी युद्ध आलं, ट्रॅक कायमचा बंद झाला, आणि तो विक्रम आहे तिथेच राहिला.

कॉबचा विचार थोडा वेळ करा, मग तो सोडून द्या. गाडीशेजारी हातात फडकं घेऊन जो वयस्क माणूस उभा आहे, त्याच्याकडे पाहा.

ब्रुकलँड्स आता संग्रहालय आहे. इथे पगारी माणसं आहेत, पण मोठा भार स्वयंसेवकांच्या खांद्यावर आहे. कुणी निवृत्त इंजिनिअर, कुणी शिक्षक, कुणी जन्मभर दुसराच व्यवसाय केलेला. ठरलेल्या दिवशी येतात, कामाचे कपडे चढवतात, पाना-पक्कड उचलतात. उभी गाडी सुरक्षित असते असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. उभ्या गाडीतलं पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरमध्ये चिकट थर धरतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. रबर कडक होतं. टायर एकाच जागी दबून त्यांची गोलाई जाते. तेल खाली उतरतं, सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात, आणि एक दिवस इंजिन जाम होतं. म्हणून कुणाला तरी येऊन चाकं फिरवावी लागतात, तेल बदलावं लागतं, इंजिन सुरू करून कान देऊन ऐकावं लागतं. जो भाग बाजारात मिळत नाही तो लेथवर घडवावा लागतो. यात टाळ्या नाहीत. मला हे काम विक्रमापेक्षा मोठं वाटतं, कारण विक्रम एका दुपारचा होता आणि ही निगा कधी संपतच नाही.

आता स्वतःच्या हातांकडे लक्ष न्या. मोबदल्याशिवाय, कुणी पाहत नसताना, या हातांनी कशाची निगा राखली आहे? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. प्रश्न तसाच राहू द्या.

थोडं पुढे वेलिंग्टन बॉम्बर विमान आहे. 1940 च्या 31 डिसेंबरला सराव उड्डाणात इंजिन बिघडलं म्हणून वैमानिकाने ते स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरात उतरवलं. 1985 मध्ये ते पाण्याबाहेर काढून इथे आणलं, कारण ते मुळात इथल्याच विकर्स कारखान्यात बांधलं गेलं होतं. गाळाने भरलेला, वाकलेला सांगाडा पुन्हा उभा करायला स्वयंसेवकांची वर्षानुवर्षं गेली. घडवणं आणि सावरणं, दोन्ही एकाच आवारात.

एक जड गोष्टही सोबत घ्यायला हवी. 1913 च्या फेब्रुवारीत पर्सी लॅम्बर्टने टॅल्बट गाडीतून याच ट्रॅकवर एका तासात 100 मैलांहून जास्त अंतर कापलं. असं करणारा तो पहिला माणूस. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, पुन्हा विक्रमाच्या मागे असताना, टायर फुटून तो इथेच गेला. गाड्यांवर प्रेम करणाऱ्याने हे नजरेआड करू नये. श्वास घ्या, सोडा, आणि त्या तरुणाला त्याच्या गाडीइतकीच जागा मनात द्या.

आता सोबत्यांकडे वळा. एकजण कार्बोरेटरवर वाकला आहे, एकजण स्पोक बोटाने चाचपतो आहे. यांच्यापैकी कुणाच्याही मालकीचं इथे काही नाही, तरी सगळे आपल्या घरचं काही पाहावं तसे पाहत आहेत. अशा जागी एकट्याने येण्यापेक्षा सोबतीने यावं असं मला वाटतं. एकाला दिसलेलं दुसऱ्याला दाखवताना दोघांनाही जास्त दिसतं.

हळूहळू डोळे उघडा. ब्रुकलँड्स तुमच्या वाटेवर नसेल, पण स्वयंसेवकांच्या हातांवर तगलेलं एखादं छोटं संग्रहालय कुठल्याही प्रवासात भेटू शकतं. भेटलं तर फोटो काढून पुढे सरकू नका. फडकं घेतलेल्या माणसाजवळ थांबा, त्याला विचारा, "या गाडीवर तुम्ही काय काम केलंत?" आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.