सोऽयं देवदत्तः

परदेशीं कायमचें वास्तव्य करण्यास निघालेल्या मनुष्याच्या घरीं शेवटचे कित्येक महिने कागदपत्रांची धावपळ चाललेली असते. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाहाची नोंद, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, पदव्यांची पडताळणी, बँकेंतील शिलकेचें पत्र. यादी लांब आहे, आणि ज्यांच्या घरचें कोणी कॅनडास गेलें आहे त्यांस ती पाठ आहे. आम्हांस येथें त्या यादींतील एका बारीकशा कागदाविषयींच लिहावयाचें आहे. तो कागद म्हणजे ‘या दोन्ही नांवांची व्यक्ती एकच आहे’ असें शपथेवर सांगणारें प्रतिज्ञापत्र.

हा कागद आमच्या लोकांस वारंवार लागतो, याचें कारण आमचे रीतिरिवाज होत. वरानें ताटांतील तांदळांवर वधूचें नवें नांव लिहावयाचें, आणि शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावरची कुमारी एका सकाळींत निराळीच स्त्री व्हावयाची, ही चाल अद्याप सर्वस्वीं मोडलेली नाहीं. वीस वर्षांनीं परका अधिकारी विचारतो, ‘ही पदवी मिळविणारी बाई कोण, आणि आपण कोण?’ प्रश्न उद्धट नाहीं; त्या बिचाऱ्यास तांदळाचें ताट कोठून ठाऊक असणार?

जन्मतारखेची गोष्ट याहून मौजेची आहे. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा सध्यांचा कायदा १९६९ सालचा. परंतु तो होऊनही खेड्यापाड्यांतून नोंद पुष्कळ वेळां राहूनच जाई. शाळा जूनमध्यें उघडत. मास्तर मुलाच्या उंचीकडे पाहून वर्षाचा अंदाज करीत आणि ‘१ जून’ लिहून मोकळे होत. महाराष्ट्रांतील एका सबंध पिढीचा मोठा भाग अशा रीतीनें एकाच दिवशीं जन्मास आला! आई सांगते, ‘तूं भाताच्या कापणींत झालास’. आणि मुलगा पुढें जन्मभर जूनच्या पहिल्या तारखेवर सही करीत राहतो.

वेदान्ताच्या अभ्यासकांस ‘सोऽयं देवदत्तः’ हें उदाहरण परिचयाचें आहे. पूर्वीं काशींत पाहिलेला देवदत्त आज येथें भेटतो. ‘तो’ आणि ‘हा’ यांमधील स्थळकाळाचा भेद टाकून दिला, म्हणजे मागें राहतो तो देवदत्त एकच. सरकारी खिडकीची रीत बरोबर याच्या उलट आहे. तिला स्थळ आणि काळ एवढेंच हवें असतें. देवदत्त गळाला तरी तिचें अडत नाहीं. यावरून त्या खिडकीस हसण्याचें मात्र कारण नाहीं. गांवांत मनुष्याची ओळख पटविण्यास चार शेजारी पुरत. जेथें शेजारीच नाहींत तेथें कागदानेंच शेजाऱ्याचें काम केलें पाहिजे.

आतां खरा प्रश्न. ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणें सत्य आहे’ अशी सही करतांना कापणींत जन्मलेला हा गृहस्थ असत्य बोलतो काय? आमच्या मतें नाहीं. ती तारीख त्याची जन्मवेळ सांगत नसून त्याच्या सर्व कागदांस बांधणारी दोरी आहे, आणि तिनें कोणाचें कांहींएक हिरावून घेतलें जात नाहीं. उलटपक्षीं, मामाच्या पेढीवर कधीं पाऊल न टाकतां तिचें पांच वर्षांच्या अनुभवाचें पत्र जोडणारा सुशिक्षित तरुण आम्ही दोषी समजतों. कॅनडांत गुणानुक्रमें निमंत्रणें निघतात; ह्यानें लाटलेले गुण कोणा अनोळखी मनुष्यास मागें ढकलतात. उघडकीस आल्यास तेथील कायद्यानें पांच वर्षें दार बंद होतें, ही गोष्ट गौण होय. दार उघडें राहिलें तरी तो दोषीच.

परंतु कोणाचें नुकसान झालें एवढीच कसोटी पुरेल काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. आणि ती शंका इतिहासानें उत्पन्न केली आहे. अमेरिकेनें १८८२ सालीं कायदा करून चिनी मजुरांस दार बंद केलें. १९०६ च्या भूकंपांत आणि आगींत सॅन फ्रान्सिस्को शहराचें जन्मदप्तर जळालें, तेव्हां अनेक चिनी रहिवाशांनीं आपला जन्म तेथलाच असल्याचें सांगून नागरिकत्व मिळविलें, आणि नागरिकाच्या मुलास प्रवेश असल्यामुळें कागदावर न जन्मलेले मुलगे दाखवून त्या जागा इतरांस विकल्या. ह्यांस ‘कागदी मुलगे’ म्हणत. एंजल बेटावरील ठाण्यांत १९१० पासून १९४० पर्यंत त्यांची उलटतपासणी होई: घरास पायऱ्या किती, तांदळाचें पिंप कोठें ठेवतात, शेजारी कोण. उत्तरें वह्यांतून पाठ करून यावयाचीं आणि किनारा दिसूं लागतांच वही समुद्रांत टाकावयाची. कायदाच अन्यायाचा होता, आणि त्यास चुकविणाऱ्यांनीं कोणा परक्याचा घास काढला असें म्हणवत नाहीं. तरी त्यांनीं कांहींतरी दिलें. मुलांस परकें आडनांव दिलें, आणि खरें नांव घरांतल्या घरांत कुजबुजीपुरतें ठेवलें. १९४३ सालीं तो कायदा रद्द झाला आणि १९५६ पासून कबुलीची सोय झाली, तरी पुष्कळांनीं तोंड उघडलें नाहीं. कित्येकांच्या थडग्यांवर इंग्रजींत कागदी नांव असून चिनी लिपींत खरें कोरलेलें आहे. त्या माणसांस खोटें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. पण त्यांनीं असत्याची किंमत दिली नाहीं असेंही म्हणवत नाहीं. ती त्यांनीं स्वतः दिली, आणि न विचारतां मुलांकडूनही देवविली.

आमच्या तरुणांवर असा प्रसंग नाहीं. त्यांची यादी निर्दयी असली तरी स्वच्छ आहे. मात्र तींत एक रकाना नाहीं, म्हणून तो बहुधा कोऱ्याचा कोरा राहतो. कुलमुखत्यारपत्र घराच्या विक्रीसाठीं आठवणीनें केलें जातें. वडिलांच्या औषधांची यादी कोणाजवळ असावी, रात्रीं आईनें कोणाचें दार ठोठवावें, हें ठरविण्यास कोणताही वकील सांगत नाहीं. निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धास दर वर्षीं नोव्हेंबरांत आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. मुलगा ‘मी तोच’ असें सिद्ध करून विमानांत बसतो, आणि ‘मी अजून आहें’ असें सिद्ध करण्यास बापास बँकेपर्यंत कोण नेणार, हें शेजारच्या मुलास त्या दिवशीं फुरसत आहे कीं नाहीं यावर राहतें.