मोजपट्टी कुणाच्या हातात?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच असली की दुपारी आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. मी घरात पुस्तक घेऊन बसलेला दिसलो की शेजारच्या काकू दारातनं विचारतात, "बरं न्हाई व्हय रं?" चारचौघं करतात ते नॉर्मल, बाकीचं अॅबनॉर्मल. मानसशास्त्रातली ही सगळ्यात सोपी मोजपट्टी, आणि तितकीच फसवी. अफाट बुद्धीची मुलगीही विरळाच, पण तिला कुणी आजारी म्हणत नाही.

मग दुसरी : समाजाच्या रीतीत बसतं का? चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर एखाद्या बाईच्या अंगात येतं. केस सुटलेले, डोळे तारवटलेले, अंगभर गुलाल. लोक वाट करून देतात, पाया पडतात. तीच बाई सोमवारी बँकेच्या काउंटरपुढं घुमू लागली तर वॉचमनला हाक जाईल. तिसरी : माणसाला स्वतःला त्रास होतो का? पण उन्मादाच्या भरात कर्ज काढून उधळणारा खुशीत असतो, त्रास बायकापोरांना. चौथी : झोप, जेवण, काम, माणसांशी बोलणं, यातलं काही अडतं का? त्यातल्या त्यात मला हीच प्रामाणिक वाटते. तरी चारही पट्ट्या कुणाच्या तरी हातात असतात.

तो हात कोल्हापूरनं जवळून पाहिलाय. चौथे शिवाजी महाराज दत्तक आलेले, अजून विशीतही न पोचलेले, तेव्हाच त्यांना वेड लागल्याचं इंग्रज सरकारनं ठरवलं. दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांनीच महाराजांना छळून वेडं करण्याचा डाव रचलाय, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'नं छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पुराव्यातली पत्रं बनावट निघाली, आणि 1882 मध्ये संपादक टिळक-आगरकरांना 4 महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. कोर्टानं पत्रांचा निकाल लावला, महाराजांच्या मनाचा नव्हे. महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्यांच्या पहाऱ्यात राहिले. 25 डिसेंबर 1883 ला ग्रीन नावाच्या सोल्जराशी झटापट झाली आणि ते तिथंच गेले. वय अवघं 20.

महाराज खरंच आजारी असतीलही. प्रत्येक निदानामागं कटच असतो असं मानणं ही आळशी माणसाची सोय. पण पहारेकऱ्याचा हात झिडकारला, तर तो राजाचा संताप की रोगाचं लक्षण? शिक्का बसल्यावर ओरडणंही लक्षण आणि गप्प बसणंही.

निदानाच्या याद्यासुद्धा माणसंच लिहितात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1973 मध्ये समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. त्या दिवशी कुणी बरं झालं नाही. यादी लिहिणारे तेवढे शहाणे झाले.

आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम म्हणतं की, राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून, किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी आणि श्रद्धांशी पटत नाही एवढ्यावरून, कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. वाचताना मला नगरचा किल्ला दिसला.

परवा पलीकडच्या घरातली सून सासऱ्याला उलट बोलली. "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या," काकू म्हणाल्या. मीही मान डोलावली.