पाडण्यापूर्वी एक प्रश्न



आपल्या वाड्यांमध्ये हल्ली एक विषय घरोघरी निघतो. आजोबांनी बांधलेले कौलारू घर आहे. भिंती जाड आहेत, सागवानी खांब शाबूत आहेत, पण पावसात दोन ठिकाणी गळते. मुलांची लग्ने झाली, खोल्या पुरत नाहीत. मग भावंडे ओट्यावर बसतात आणि ठरवतात, ‘पाडून टाकू या, नवे बांधू या.’ घर आपले, जमीन आपली, पैसाही आपला. मग यात नीतीचा प्रश्न आला कुठे?

तो येतो, कारण पाडलेले घर नाहीसे होत नाही. त्याचे डेब्रिज ट्रकमध्ये भरले जाते आणि कुठेतरी ओतले जाते. कधी खाडीच्या काठी, कधी एखाद्या बावखलात. ज्या बावखलांनी आपल्या पूर्वजांच्या केळी-पानवेली जगवल्या आणि पावसाचे पाणी जिरवले, त्यांतली कितीतरी अशा भरावाखाली गेली. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, वीज गेली, घराबाहेर पडणे कठीण झाले, तेव्हा पाण्याच्या वाटा बुजवण्याचा अर्थ आपण सर्वांनी अनुभवला आहे.

नवे घरही शून्यातून उभे राहत नाही. रेती नदीच्या पात्रातून येते, खडी डोंगर फोडून येते. सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १४५० अंश तापमानात भाजतात. त्यासाठी इंधन जळते आणि दगडातूनही कार्बन वायू बाहेर पडतो. जगभरात माणूस जितका कार्बन वायू हवेत सोडतो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. उभ्या असलेल्या घराने ही किंमत कधीच चुकती केलेली आहे. अमेरिकेतील ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या संस्थेने २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी इमारत वीज वाचवणारी असली, तरी तिच्या बांधकामाने झालेली हवामानाची हानी भरून निघायला १० ते ८० वर्षे लागतात, असे त्यात आढळले.

मग गरजा वाढल्या तर काय करायचे? याचे एक चांगले उत्तर फ्रान्समधील बोर्दो शहरात मिळते. तेथील ग्राँ पार्क वस्तीत १९६०च्या दशकातल्या तीन मोठ्या इमारती होत्या. एकूण ५३० घरे, राहणारी माणसे बेताच्या उत्पन्नाची. आन लाकाताँ आणि ज्याँ-फिलिप व्हासाल या वास्तुरचनाकारांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या पाडल्या नाहीत. त्यांनी बाहेरच्या बाजूने जवळजवळ चार मीटर खोलीचा काचेचा व्हरांडा प्रत्येक घराला जोडला. घरात उजेड आला, जागा वाढली, थंडीत ऊब राहू लागली. महत्त्वाची गोष्ट अशी, की काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहिले. शेजार तुटला नाही, कुणाला शहराबाहेर जावे लागले नाही. २०२१ साली या दोघांना वास्तुकलेतील प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

याच दोघांना १९९६ मध्ये बोर्दोतील एक छोटा चौक सुशोभित करण्याचे काम मिळाले होते. त्यांनी चौक पाहिला, तेथील लोकांशी बोलले आणि नगरपालिकेला सांगितले, ‘चौक आहे तसाच सुंदर आहे.’ झाडांची निगा राखा, खडी बदला, साफसफाई वेळेवर करा, एवढाच त्यांचा सल्ला. तज्ज्ञाने आधी लोकांचे ऐकावे आणि काही न बांधण्याचाही सल्ला द्यावा, याला मनाचा मोठेपणा लागतो.

आपल्या ख्रिस्ती परंपरेला हा विचार परका नाही. रोमचे पँथिऑन हे मूर्तिपूजकांचे मंदिर. इ.स. ६०९ मध्ये पोप चौथे बोनिफास यांनी ते पवित्र मरिया व हुतात्म्यांच्या नावे चर्च म्हणून अर्पण केले. रोममधील कित्येक जुन्या वास्तूंचे दगड लोकांनी उचलून नेले. हे मंदिर मात्र वापरात राहिले म्हणून टिकले. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सेवाकार्याची सुरुवातही सान दामियानो येथील पडके देऊळ स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्यापासून झाली. त्याच संताचे नाव घेतलेल्या पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आठवण करून दिली, की खाजगी मालमत्तेवरही समाजाचे ऋण असते. ‘माझे आहे, मी काहीही करीन’ हे वाक्य ख्रिस्ती माणसाच्या तोंडी म्हणूनच शोभत नाही.

अर्थात जुने ते सारे पवित्र, असेही नाही. ज्या इमारतीचा स्लॅब केव्हा कोसळेल याचा भरवसा नाही, तिथे माणसे ठेवणे हे पापच. जीव वास्तूपेक्षा मोठा आहे. चाळीत एका खोलीत संसार करणाऱ्याला ‘जुने जपा’ असा उपदेश बंगल्यात बसून करणे हाही अन्याय आहे. त्याला मोठे घर हवे, हा त्याचा हक्क आहे. प्रश्न गरजेचा असेल तर उत्तर सापडते. पुष्कळदा मात्र शेजाऱ्याने बांधले म्हणून आपण बांधतो, किंवा बिल्डरने दाखवलेला आकडा पाहून म्हाताऱ्या आईला न विचारता सही करतो. तेव्हा पाडले जाते ते केवळ घर नसते. त्या ओट्यावर बसणारी माणसेही विखुरतात.

आणि बांधावेच लागले, तर लॉरी बेकर यांचे उदाहरण समोर ठेवावे. हे इंग्रज क्वेकर गृहस्थ केरळात स्थायिक झाले आणि २००७ मध्ये तिरुअनंतपुरम येथे निवर्तले. विटा आडव्या न ठेवता उभ्या रचून, मध्ये पोकळी सोडून ते भिंत बांधत. त्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि घर थंड राहते. पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या ते आवर्जून नव्या घरात बसवत.

बंधू-भगिनींनो, पाच हजारांचे जेवण झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले होते. ज्याच्या हाती इतकी विपुलता होती, त्यानेही काही वाया जाऊ दिले नाही. तेव्हा आपल्या घराबाबत निर्णय घेण्यापूर्वी तीन प्रश्न एकत्र बसून विचारू या. हे घर दुरुस्त करून किंवा वाढवून भागेल का, हे जाणकार इंजिनियरला विचारले आहे का? त्यात राहणाऱ्या सर्वांचे, विशेषतः वृद्धांचे आणि भाडेकरूंचे, ऐकून घेतले आहे का? आणि निघणारे डेब्रिज कुठे जाणार, हे ठाऊक आहे का?

तिन्हींची उत्तरे प्रामाणिकपणे दिल्यावरही पाडणेच योग्य ठरले, तर निश्चिंत मनाने पाडावे. पण उत्तरे शोधण्याआधी घणाचा पहिला घाव घालू नये.