खोडलेलं ‘सुमारे’

चित्राखालची ओळ मी बदलली. कुणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी पाहुणे यायचे होते, एवढंच.

नववीच्या मुलांनी ऑनलाइन प्रदर्शन मांडलं होतं. चित्रं परदेशी संग्रहालयांची. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ पासून आपल्या संग्रहातली स्वामित्वहक्क संपलेली चित्रं वापरायला मोकळी केली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये तेच केलं. परवानगी नको, पैसे नकोत. मोबाइलवर चित्र मोठं करत न्यावं, तर पागोट्याची वीणसुद्धा दिसते. मुलं हरखली. मीही हरखलो, पण कशाला? पदरचा पैसा न घालता नाव होत होतं! पहिल्याच पानावर ‘संकल्पना’ म्हणून मी. मुलांची नावं पार खाली, कुणी तिथवर गेलंच तर. एकजण म्हणाला, आपल्या गावच्या कर्णेश्वराच्या देवळातलं कोरीवकामही घेऊ. म्हटलं, ते रोजचंच.

त्यात राइक्सम्युझियममधलं शिवाजी महाराजांचं एक चित्र होतं. गोवळकोंड्याला काढलेलं, पुढे विट्सेन नावाच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौरांच्या संग्रहात गेलेलं. चित्रकार अज्ञात. काळ १६८० चं दशक, म्हणून एका मुलीने लिहिलं, ‘सुमारे’. ते खोडून मी लिहिलं, ‘महाराजांच्या हयातीत काढलेलं’.

“सर, महाराज १६८० च्या एप्रिलमध्येच गेले ना? मग हे नंतरचंही असू शकेल.”

“असेल. पण लोकांना एवढं लागत नाही गं.”

ती गप्प बसली. मी तो होकार धरला.

आणि हाच मी, संभाजीराजांवरचा ‘छावा’ सिनेमा आला तेव्हा, चहाच्या टपरीवर तावातावाने भांडत होतो. १६८९ मध्ये संभाजीराजे पकडले गेले ते आमच्या संगमेश्वरात. त्या घटनेतलं कुणी तसूभर इकडचं तिकडे केलं की आमचं डोकं फिरतं. दुसऱ्याने केलं तर, म्हणजे.

घाई होती, हे खरं. पण घाईत माणूस शब्द गाळतो, नवे घालत नाही. मग? पाहुण्यांनी चित्रापुढे हात जोडावेत, असं मला वाटत होतं का? ‘सुमारे’ वाचून जोडलेले हात सुटले असते, असं मी कशावरून धरलं? त्या अनामिक चित्रकाराने महाराजांना पाहिलं असेल, नसेलही. कदाचित ऐकीव वर्णनावरून रेखाटलं असेल. परमुलखातल्या माणसाला त्यांचा चेहरा काढावासा वाटला, ही केवढी गोष्ट! ती सांगायची सोडून मी खोटी खात्री चिकटवली. संग्रहालयाने फुकट दिलेल्या चित्रासोबत आपली शंकाही दिली होती. ती मला नको होती.

काल रात्री पान उघडून ‘सुमारे’ परत घातलं. पासवर्ड माझ्याकडेच आहे. कुणाला कळणारही नाही. तिलाही नाही.

सोमवारी तिचा वर्ग आहे. सगळ्यांसमोर सांगू, की मधल्या सुट्टीत एकटीला? एकटीला सांगणं सोपं आहे, म्हणूनच जरा संशय येतो.